निगा राखल्यास

कास्किनेनच्या धक्क्यापासून चौथी शेड
एन्सिओ हाउताला यांची. दारावर पाटी नाही,
वास आहे: पाइनचं डांबर, ओलं लाकूड, करपलेली कॉफी.
पाटी इंटरनेटवर आहे,
पुतण्याने दोन हजार नऊ साली लावून दिलेली,
आणि तिच्यावरचा मजकूर मला बदलायचाय.

"माणसं आता पानापर्यंत येत नाहीत," मी सांगते.
"ती यंत्राला विचारतात. यंत्र चार पानं चाळतं,
एक घास घेतं आणि त्यांना भरवतं.
आपण तो घास व्हायचं."
एन्सिओ रंधा थांबवत नाहीत.
"म्हणजे आधी मीच चावून ठेवायचं."
तसंच काहीसं.

त्यांचं जुनं पान सुरू होतं
वडिलांच्या एका हिवाळ्यापासून,
समुद्र मे उजाडला तरी हलला नव्हता त्या वर्षीच्या.
होडी येते ती सातव्या परिच्छेदात,
तीही दुसऱ्याच कुणाची, आणि बुडालेली.
मी वडिलांना खाली सरकवते.
हिवाळा गाळते.
मथळ्यामथळ्याला प्रश्नचिन्हाचा गळ लावते
आणि पाण्यात सोडून बसते.

लाकडी होडी किती वर्षं टिकते?
"वल्ही कोण मारतंय त्यावर आहे."
आकडा हवा, एन्सिओ.
"एर्कीची अजून आहे. एर्की नाही."
आकडा.
ते खिडकीबाहेर बघतात, बराच वेळ,
जणू आकडा तिकडे खाडीत कुठेतरी नांगरून ठेवलाय.
शेवटी मीच लिहिते:
तीस ते पन्नास वर्षं, निगा राखल्यास.
चष्मा लावून वाचतात. शेवटच्या दोन शब्दांवर
डांबराचं बोट टेकवतात.
"एवढ्यात बसलो होय मी."

फेब्रुवारीत यंत्राला विचारून पाहिलं.
तीस ते पन्नास वर्षं, निगा राखल्यास.
माझा स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.
नाव मात्र कुणाचंच नाही.
पानावर येणारी माणसं
महिन्याला तीनशेवरून एकेचाळीसवर आलेली,
त्यातली पाच-सहा तर मीच.
कोणत्या तोंडानं सांगायचं?
दोन आठवडे मी धक्क्याचा रस्ता टाळला,
मासेसुद्धा पुलापलीकडून आणले.

मे महिन्यात त्यांचाच फोन.
ओउलूहून एक बाई बोलल्या म्हणे, हेल्का राउतियो.
नवरा जाऊन वर्ष झालेलं. त्याची होडी
त्यांनी पहिल्यांदाच एकटीनं पाण्यात ढकलली
आणि ती काठालाच बुडाली.
रात्री दोन वाजता यंत्राला विचारलं: मेली का?
यंत्र म्हणालं, फळ्या सुकल्यात, फुगतील, मिटतील सांधे.
आणि खाली, कुठूनसं उचललेलं:
होडीला आधी पाणी पिऊ द्या.
तहानलेल्याला कामाला जुंपू नये.
बाई उठून बसल्या.
हे यंत्र बोलत नाही, म्हणाल्या, हे कुणीतरी बोललंय.
आणि शोधत शोधत आल्या शेडच्या नंबरपर्यंत.

ते वाक्य मी राखलं नव्हतं. मला दिसलंच नव्हतं.
एका धुरकट फोटोखाली होतं, बारीक अक्षरात,
प्रश्न नाही, आकडा नाही,
माझ्या यादीतल्या एकाही नियमात न बसणारं.

"मग काय सांगितलंत त्यांना?"
"तीन दिवस थांबा म्हटलं. मग बोललो थोडं."
"थोडं म्हणजे?"
"कॉफी करपली."

त्या रात्री पान उघडून बसले.
वाटलं, वाक्य वर आणावं, मथळा करावा,
होडीला तहान लागते का? असा गळ घालावा त्याला.
टाइप केलं. पुसलं.
जुन्या फाइलीतून वडिलांचा हिवाळा तेवढा
शोधून काढला, अख्खा,
मे महिन्यातल्या बर्फासकट.
कुठे ठेवायचा ते अजून ठरत नाही.